बेचा पाढा आणि माझा उजवा हात

पोरगी माझ्या मांडीवरून सरकत होती आणि माझा उजवा हात उठत नव्हता.

मी भिंतीला टेकून चटईवर बसले होते ती उजवीकडे कलंडले. हात अंगाखाली गेला. दुखला नाही, म्हणूनच भीती वाटली. पोरगी उजव्या बाजूनेच घरंगळली आणि त्याच बाजूला गोरसी होती, बाळंतिणीला शेकायला ठेवतात ते निखाऱ्यांचे मातीचे भांडे. डाव्या हाताने मी तिच्या दुपट्याचे टोक धरले. ते बोटांतून निसटत होते.

मला एवढेच ओरडायचे होते: माय, पोरगी. दोन शब्द. डोक्यात दोन्ही स्पष्ट होते. तोंडातून मात्र म्हशीच्या रेडकासारखा आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज. मग एकदम ठणठणीत शब्द बाहेर पडला.

"मेल्या!"

बाहेर अंगणात सासू धान पाखडत होती. सुनेने घरात शिवी दिलेली तिने आजवर ऐकली नव्हती. सूप टाकून ती भांडायलाच आली.

"कोणाले म्हणून राहिली वो मेल्या?"

दार उघडले आणि तिला पोरगी दिसली, निखाऱ्यांपासून वीतभरावर. तिने झडप घालून उचलली. दुपट्याची कड करपली होती, पोरीला काही झाले नव्हते. मग सासूने माझ्याकडे पाहिले. माझे तोंड वाकडे झाले होते आणि त्या वाकड्या तोंडाने मी पुन्हा तिलाच मेल्या म्हणाले. तेवढा एकच शब्द माझ्याजवळ उरला होता.

*

माझे नाव अनुसया. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही बाप हट्टी होता म्हणून. मी आता नव्वदीला टेकले आहे. हे झाले तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेन. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षे झाली होती आणि आमचा गोंदिया भाग भंडारा जिल्ह्यात होता. आम्ही पोवार, धानाची शेती करणारे. आमचे पूर्वज माळव्यातून आले असे म्हातारे सांगत. बाळंतिणीला पाणी न देण्याची रीत त्यांनी तिकडूनच आणली की इथे उचलली, ते कुणी सांगत नसे.

रीत अशी होती. बाई बाळंत झाली की साधे पाणी बंद. पाणी प्याली तर वात होतो, पोट सुटते, दूध पातळ होते. सुंठ आणि हळदीचा काढा द्यायचा, तोही वाटीच्या तळाशी. खोलीची खिडकी बंद, दार बंद, आत गोरसी. माझी ही पोरगी, चंद्रकला, जन्मली चैत्रात. आमच्याकडचा चैत्र ज्याने पाहिला आहे त्याला पुढे सांगायला नको.

माझे ओठ फुटले होते. डोके दुखायला लागले ते थांबेना. मी सासूला सांगितले, माय, डोकं बहुत दुखून राहिलं, थोडं पाणी दे. ती म्हणाली, बाळंतीण होस तू, दुखणारच तं. ती दुष्ट नव्हती. तिनेही सात बाळंतपणे अशीच काढली होती. जे तिला मिळाले नाही ते मला देणे तिला पाप वाटत होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. त्याच खोलीत माझ्या आधी माझी मोठी जाऊ बाळंत झाली होती. तिचेही डोके दुखले, तिचेही तोंड वाकडे झाले, आणि ती गेली. मूल तर पोटातच गेले होते. घरात सांगत की तिला चुडेल लागली. मी नवी नवरी होते, मीही तेच मानले.

*

पहिल्यांदा गावातला झाडफूक करणारा जाणता आला. त्याने कबुतर कापून त्याचे गरम रक्त माझ्या मेलेल्या हाताला चोळले. लकव्यावर तेच औषध होते. मला त्याला सांगायचे होते की कबुतर सोड, लोटा आण. सांगितले ते मेल्या. तो म्हणाला, पहा, चुडेल बोलून राहिली.

माझा नवरा हिरालाल कमी बोलणारा माणूस. त्याने जाणत्याला दक्षिणा दिली, बंडीत तणीस अंथरले, मला उचलून त्यावर टाकले आणि बैल गोंदियाच्या रस्त्याला लावले. सासू बंडीतच माझ्यामागे पोरीला घेऊन बसली. हे त्याने मला किंवा तिला विचारले नाही. आयुष्यात न विचारता त्याने केलेल्या गोष्टींपैकी ही एक मी माफ केली आहे.

दवाखान्यातला डॉक्टर हिंदी बोलणारा. त्याने डोळ्यांत उजेड पाडला, तळपाय खरवडला, हात उचलून सोडला. हात पडला. मग त्याने सासूला विचारले, "पानी कितना पीती थी?"

सासू ताठ झाली. तिला वाटले तिच्या देखरेखीची परीक्षा आहे. म्हणाली, "एक थेंब नाही देला मी, साहेब."

डॉक्टर म्हणाला की बाळंतिणीचे रक्त आधीच घट्ट असते, पाण्याविना ते आणखी घट्ट होते, आणि हिच्या डोक्यात ते गोठले आहे. सासू खाली बसली. तिने पदर तोंडाशी नेला आणि अगदी हळू विचारले, "हिच्या आधीचीले पण असंच झालं होतं, साहेब. ते पण पाण्यानंच का?"

डॉक्टर नर्सला म्हणाला, इसे पानी पिलाओ.

ते पाणी मी अजून विसरले नाही. चमच्याने पाजत होते आणि अर्धे वाकड्या ओठातून मानेवर सांडत होते. मानेवर सांडलेलेही मला चालत होते.

मग डॉक्टरने हिरालालला दाराशी नेले आणि तिथे उभे राहून सांगितले. जान बच जाएगी. हाथ और ज़बान की उम्मीद मत रखना. दिमाग बचपन में बनता है, उसके बाद जो गया सो गया.

दार माझ्या खाटेपासून चार पावलांवर. माझी जीभ गेली होती, कान नाही. लकवा झालेल्या माणसाच्या घरच्यांनी हे पहिल्यांदा लक्षात ठेवावे. तो सगळे ऐकतो. तुम्ही दाराशी उभे राहून त्याला पुरता, आणि तो खाटेवरून बघत असतो.

डॉक्टरवर माझा राग नाही. त्याच्या पुस्तकात तेच होते. पण त्या क्षणी मी त्याला मनात जे म्हणाले तेच तोंडातूनही आले. माझ्याजवळ शब्द एकच होता आणि तो तिथे बरोबर बसला.

*

दवाखान्यात दिवस कसे जात ते सांगण्यासारखे फार नाही. सकाळी झाडू, फिनेलचा वास, सुई. भांडे मागता येत नाही म्हणून ओले होणे. सासू आवारात तीन विटा मांडून भात शिजवायची आणि मला भरवायची. तिच्या तोंडातूनही शब्द कमी झाले होते. मला अंगावर पाजता येत नव्हते, हात धरत नव्हता आणि दूधही आटत चालले होते. माझी नणंद जयतुरा तिच्या सासरहून, चोरखमाऱ्याकडून आली. तिच्या पदरात तान्हे होते. ती दोघांना पाजू लागली. तिचे हे उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही. पण पोरगी तिच्या अंगाला चिकटली की मी भिंतीकडे तोंड करायची.

एक दिवस नर्स औषधाचे थेंब मोजत होती. एक, दो, तीन, चार. आणि माझ्या तोंडातून निघाले: बे दुणे चार.

नर्स थांबली. मी थांबले नाही. बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. वीसपर्यंत गेले, एकही चूक नाही. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सासू हातातला भात तसाच धरून बघत राहिली. पाणी म्हणता येत नाही, पोरीचे नाव म्हणता येत नाही, आणि पाढा मात्र घडघडा येतो. नर्स म्हणाली, इसका दिमाग तो स्कूल में बैठा है.

सगळे हसले. मीही हसले, अर्ध्या तोंडाने. पण मला एक कळले होते. डॉक्टर म्हणतो सगळे गेले, ते खोटे आहे. लहानपणी मास्तरांनी छडी घेऊन जे कोंबले होते ते जागच्या जागी होते. म्हणजे आत कुठेतरी वाट शिल्लक होती.

मी पाढ्याने बोलायला शिकले. चार म्हणायचे तर थेट चार येत नसे. सुरुवातीपासून चढत जावे लागे, बे एके बे, बे दुणे, आणि मग चार. जिना चढून माळ्यावरचे भांडे काढावे तसे. लोकांना वेड वाटे. वाटो.

*

घरी आलो तेव्हा पाय ओढत चालता येत होते. हात गळ्यात बांधलेला. बोलणे म्हणजे मेल्या आणि बेचा पाढा.

घरात काय शिजते आहे ते मला लवकरच कळले, कारण माझ्यासमोरच बोलत. बोलता येत नाही ती ऐकतही नाही असे सगळ्यांना वाटते. हिरालालला दुसरी बायको आणायची. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुलगी पाहून ठेवली होती, नागऱ्याकडची. मला बापाच्या घरी पाठवायचे, चंद्रकलेला जयतुरा घेऊन जाणार. सासूने हे माझ्या तोंडावर सांगितले, मागून नाही. तेवढा मान तिने ठेवला.

"हात नाही, तोंड नाही. घराले बाई पाहिजे वो. मी किती दिवस पुरू?"

हिरालाल ओसरीवर बसून दोरी वळत होता. त्याने वर पाहिले नाही. मी त्याला काय म्हणाले ते वेगळे सांगायला नको.

पाऊस लागला आणि रोवणा आला. धानाचे रोप एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या वावरातून, उपटून दुसऱ्या बांधीत लावायचे, ते आमच्याकडे रोवणा. तेवढे दिवस कुणाला सोयरीक करायला वेळ नसतो. रोवणा झाला की माझ्या बापाला बोलावू, असे ठरले. म्हणजे माझ्याजवळ तेवढे दिवस होते.

मी गळ्यातली झोळी सोडली आणि बायकांच्या मागे बांधीवर गेले.

"तू कायले आली?" सासू म्हणाली. मी चिखलात उतरले.

रोवणा ज्याने केला आहे त्यालाच हे नीट कळेल. डाव्या हातात रोपांची पेंढी धरायची असते. डावा हात तिथे अडकतो. त्यातून तीन-चार काड्या ओढून चिखलात खोचायचे काम उजव्याचे. घरात मी सगळे डाव्याने करायची आणि उजवा मजेत लटकत राहायचा. इथे डाव्याला सुट्टीच नव्हती. उजव्याने केले तर होईल, नाहीतर बायका मागे सरकत जातील आणि मी एकटी उभी राहीन. कंबरेतून वाकले की हात आपोआप खाली लोंबे, उचलावा लागत नसे. आणि चिखल मऊ. तो दगडासारखा वाद घालत नाही.

पहिल्या दिवशी मी लावलेले प्रत्येक रोप पाण्यावर तरंगत वर आले. बोटे मुठीतून उघडत नव्हती. मूठच चिखलात दाबायची आणि वर काढली की रोप मुठीसोबत वर. पलीकडची एक बाई म्हणाली, "अनुसयाबाई धान लावून राहिली का मासोळ्या धरून राहिली?" सगळी ओळ हसली. मी तिला माझा शब्द दिला. ओळ आणखी हसली.

मग मी पाढा सुरू केला. बे एके बेला वाकायचे, बे दुणे चारला खोचायचे. तालावर हाताला थोडे जास्त कळे. का ते तेव्हा माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई माझ्याबरोबर म्हणू लागली, मग सगळ्या. त्या ओळीत शाळेची पायरी चढलेली मी एकटीच होते. रोवणा संपेपर्यंत सगळ्यांना बेचा पाढा पाठ झाला आणि बांधावरून जाणारे विचारू लागले की इथे शाळा कुठून आली.

माझी रोपे तरंगत होती तरी मान वर करून पाहिले की बांधीत उभी दिसत. मला वाटले हात सुधारतो आहे. मग एकदा मान जरा लवकर वर केली. मी लावून सोडलेल्या ओळीत सासू होती. माझी पडलेली रोपे गुपचूप पुन्हा खोचत होती. मी पाहिले हे तिने पाहिले आणि खेकसली, "खाली पाह."

खाली पाहिले. आणि काही दिवसांनी अंगठा हलला. मग त्याच्या शेजारचे बोट. चिखलातच हलले, मला दिसले नाही, फक्त कळले. मी कुणाला सांगितले नाही. सांगायला शब्दही नव्हता. पण त्या दिवसापासून मी पाढ्याच्या शेवटी एक नवी पायरी बसवायला लागले. बांधीवरून परतताना, विहिरीवर, चुलीपुढे, मनातल्या मनात तीच पायरी. वीसच्या पुढची.

*

बाप आला. चुलत सासरे आले. अंगणात खाट टाकली. आमच्यात सुनेने वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे नसते. मी डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीत उभी होते. जयतुरा चंद्रकलेला कडेवर घेऊन होती, तिचे कपडे बांधून झाले होते.

चुलत सासऱ्यांनी माझ्या बापाला समजावले की कुणाचा दोष नाही, देवाची मर्जी, तुमच्या पोरीला घेऊन जा, वर्षाचे धान आम्ही पाठवू. बाप जमिनीकडे पाहत होता. मग रीत म्हणून त्यांनी मला विचारले, "जाशीन ना बाई?"

मी अंगणात उतरले.

"बे एके बे," मी म्हणाले.

चुलत सासरे हिरालालकडे बघायला लागले. कुणीतरी हसले. मी चढत राहिले. बे दुणे चार. बे त्रिक सहा. माझी जीभ जड होती, प्रत्येक पायरीला वेळ लागत होता. बे पंचे दहाला हसणारा गप्प झाला. बे साते चौदा. चुलत सासरे म्हणाले, हिचं डोकं गेलं आहे, आत न्या हिला. तेव्हा सासू दारातून बोलली, "थांबा. संपू द्या तिचं."

बे नवे अठरा. बे दाहे वीस.

"जात नाही," मी म्हणाले. "जात नाही मी."

आणि जयतुराच्या कडेवरून पोरगी घेतली. उजवा हात तिच्या पाठीमागे नेला. बोटे उघडली. पूर्ण नाही, पण दुपट्याला धरण्याइतकी उघडली, आणि या वेळी दुपटे सुटले नाही.

हिरालाल उठला, जयतुराचे गाठोडे सोडले, त्यातून पोरीची झबली वेगळी काढली आणि आत नेऊन ठेवली. चुलत सासऱ्यांनी त्याला विचारले की नागऱ्याला काय कळवायचे. तो म्हणाला, "आमचा रोवणा घरच्याच बाईनं झाला म्हणून सांगा."

*

बोलणे पूर्ण यायला दोन पावसाळे गेले. हाताची करंगळी आजही वाकडी आहे आणि रागावले की अजून शब्द अडकतो. तेव्हा समोरच्याला जो शब्द मिळतो तो जुनाच.

चंद्रकलेची नात नागपूरला लकवा झालेल्यांना हात-पाय चालवायला शिकवते. मी हे लिहावे असा तिचाच आग्रह. ती सांगते की नवे संशोधन झाले आहे. मेंदू लहानपणी सगळ्यात वेगाने बनतो हे खरे, पण नंतरही तो नव्या वाटा काढतो, म्हातारपणीसुद्धा. शिव्या, पाढे, गाणी डोक्यात इतक्या खोल वाटांनी बसलेली असतात की बाकीचे बोलणे गेले तरी ती राहू शकतात. आणि आता मोठ्या दवाखान्यात चांगला हात मुद्दाम बांधून ठेवतात, वाईट हाताला काम करावे लागावे म्हणून.

मी तिला म्हटले, बाई, उशिरा कळले तुम्हाला. ती म्हणाली, आजी, तुला तरी कुठे कळले होते, तुझा हात पेंढीत अडकला म्हणून झाले. ते खरे आहे. मी शहाणी नव्हते, मला जायचे नव्हते इतकेच. सगळ्यांचे असे भरून येत नाही हेही ती सांगते, आणि ज्यांचे येत नाही त्यांनी कमी जोर लावला असे कुणी म्हणू नये. माझ्या हातून झाले ते मी लिहिले.

पण पाण्याचे मात्र सगळ्यांना लागू आहे. अजूनही काही घरांत बाळंतिणीचे पाणी तोडतात. तोडू नका. कुणी तोडले तर बाळंतिणीने ऐकू नये, आणि तिला शब्द सुचला नाही तर मी माझा वापरायला देते.

चंद्रकलेच्या पाठीवर मला मुलगा झाला. तीच खोली. मी आत गेले तेव्हा खिडकी उघडी होती, गोरसी नव्हती, आणि बाजेजवळ भरलेला माठ होता. सासू लोटा घेऊन उभी होती.

"पी," ती म्हणाली. मोठ्या जावेचे नाव आम्ही दोघींनी काढले नाही. तिचे नाव पार्वती होते.

पार्वती त्या खोलीत मेली. मी जगले. चंद्रकला जगली.